वासंती, तुझं जाळं मी सुतळीनं सांधलं

वासंती, मले भेव वाटून राहिलं. तुझी तेरवी झाली, पाव्हणे आपापल्या गावाले गेले, मागून आणलेली भांडी ज्याची त्याले परत केली, रडणंही जरासं कमी झालं. भेव मात्र काही जात नाही. दुःखाचं बरं असते, वं. माणूस मोकळं रडते, कोणी पाठीवरून हात फिरवते, चहा आणून देते. भेवाले कोणी चहा देत नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईनं भेव वाटते म्हटलं तर लोक हसतात. तूही हसली असती. पण हसून झाल्यावर जवळ बसली असती, म्हणून तुलेच सांगून राहिली मी.

काल विसर्जन झालं. तू गेली म्हणून यंदा आपल्या घरी गणपती बसवला नाही, पण बाकी अख्ख्या रुआबांधा कॉलनीत बसले. आणि विसर्जनाले तलावात तुझ्या जागी कोण उभं राहिलं, माहीत आहे? माझी रूपाली. माझी एकुलती एक पोट्टी, छातीभर पाण्यात.

आता तू म्हणशील, मीच शिकवलं न तिले पोहणं. हव, तूच शिकवलं. त्याच्यावरून आपण किती भांडलो तेही आठवते मले. ते भांडण अर्धवटच ठेवून गेली तू.

तू या घरात आली तो दिवस मी कशी विसरीन. भिलाईच्या स्टील प्लांटात लागायच्या आधी भाऊजी एका ठेकेदारासंगं कोकणात पुलाच्या कामाले गेले, आणि येताना तुले लग्न करून घेऊन आले. सासूबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या, आणि तू डोक्यावर पदर घेऊन, काखेत सुक्या बांगड्यांची पिशवी धरून उभी. माय वं, काय तो वास! सासूबाईंनी नाकाले पदर लावूनच तुले ओवाळलं. आमी भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले लोक. मासोळी आमीही खातो, पण सून मासोळी घेऊन माप ओलांडते हे आमी पाहिलं नव्हतं. मी तुझी थोरली जाऊ, मले तर हसू आवरत नव्हतं. तू घुंगटातूनच माझ्याकडे पाहून डोळा मारला. त्या दिवशीच मले कळलं का ही बाई आपल्याले सुखानं बसू देणार नाही.

तुझा बाप रापणीवर होता. रापण म्हणजे समुद्रात भलंमोठं जाळं सोडायचं आणि गावानं काठावर उभं राहून दोन्ही टोकांनी ओढायचं, हे तू आमाले अंगणात साडी पसरून दाखवलं होतं. एका टोकाले मी, एका टोकाले भाऊजी, मधात मासोळी म्हणून सासूबाईंचा तांब्या. भिलाईत कुठला आला समुद्र? पण तुझे हात काही बसत नव्हते. बांबूची चपटी सुई आणि नायलॉनची दोरी घेऊन तू गच्चीवर बसे आणि जाळं विणे. पपईवर वानरं येतात, घाल जाळं. कोंबड्यांच्या खुराड्याले जाळं. समोरच्या गंगाच्या वेलीच्या दोडक्याले जाळं. गच्चीवर तुझी सुकी मासोळी, तिच्यावर जाळं, आणि जाळ्याच्या कडेले तुझी ती राखाडी मांजर, सुरमई, तपश्चर्येले बसल्यासारखी. शेजारचे वासाची तक्रार घेऊन आले, तर छत्तीसगढी गंगाच तुझ्या बाजूनं भांडली. "हमर घर में घलो सुक्सी चुरथे," म्हणे, आमच्याकडेही सुकी मासोळी शिजते, तुमचं काय जाते? तेव्हापासून तुमची जोडी जमली. मी वरणभातवाली, बाजूले पडली. खोटं काऊन बोलू, मले तेव्हा राग आला होता.

तुझं पहिलं विसर्जन मले भाऊजींनी सांगितलं, मी घरीच होती. तलावाच्या पचरीवर, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर, ही गर्दी, ढोल, गुलाल, आणि लहान लहान पोट्टे गणपतीच्या मागं मागं पाण्यात घुसून राहिले होते. लोकांले त्याचं काही वाटत नव्हतं, दरवर्षीचंच होतं. तू मात्र पांढरीफटक पडली. "इतक्या पोरांमागे पाण्यात उभा कोण आसा?" तू विचारलं. कोणीच नव्हतं. दुसऱ्या वर्षी तू पॉवर हाउस म्हणतात त्या बाजारातून दोरी आणली आणि श्रावणभर बसून ते लांब जाळं विणलं. वरच्या दोरीले रिकाम्या बाटल्या बांधल्या, तरंगाले. एक टोक काठावरच्या बाभळीले, दुसरं टोक भाऊजींच्या हातात, आणि जिथून तलाव खोल होते तिथे, जाळ्याच्या पलीकडे, तू स्वतः. साडीचा काष्टा मारून. बाटल्यांच्या पुढे कोणी जायचं नाही. गणपती तुझ्या हातात द्यायचा, तू त्याले खोल पाण्यात सोडणार. पहिल्या वर्षी लोक हसले. मंग सवय झाली. मंग तर असं झालं का वासंतीकाकू पाण्यात उतरल्याशिवाय कोणी आरतीच सुरू करत नव्हतं.

मी कधी आली नाही तिथे. घरूनच हात जोडे. तुले कारण माहीत होतं. माझा भाऊ वैनगंगेत गेला. मी काठावर त्याचा सदरा हातात धरून उभी होती, तो डुबकी मारून वर येईन म्हणून वाट पाहत. पाणी एकदम सारखं झालं होतं, वरून काहीच दिसत नव्हतं. तेव्हापासून बादलीत मग्गा बुडाला तरी मी आधी हात घालून तो वर काढते. हे मी फक्त तुले सांगितलं होतं, आणि तू म्हणाली होती, "वयनी, तुमका पाण्याचा भय नाय. पाण्यात काय दिसना नाय, तेचा भय आसा." तेव्हा मी म्हटलं होतं, जास्त शहाणी नको होऊ. आता वाटते, खरंच होतं ते.

आणि एवढं सगळं माहीत असून तू माझ्या पोट्टीले पाण्यात नेलं! रूपाली आठवी-नववीत असंन. तुमी दोघी सकाळी फिराले जातो म्हणून जात होत्या, आणि येताना हिचे केस ओले. मी विचारलं तर म्हणे, घाम आला. घाम! मी तलावाच्या काठापर्यंत आली होती त्या दिवशी, फक्त त्याच दिवशी, आणि दुरून पाहिलं, माझी पोट्टी पाण्यात उताणी पडली आहे आणि तू तिच्या पाठीखालचा हात काढून घेऊन राहिली.  तुले मी काय काय बोलली ते गंगानं ऐकलं, अर्ध्या रुआबांधानं ऐकलं. "पट्टीचे पोहणारेच बुडतात," मी म्हटलं. "आणि न पोहणारे काय तरंगतात?" तू म्हटलं. उन्हाळाभर आपण बोललो नाही. खालून मी भाजी वर पाठवे, वरून तू मासोळीचं कालवण खाली पाठवे, रूपाली मधात जिन्यावर हेलपाटे घाले. पण बोलणं नाही. मंग पावसात सुरमईले पिल्लं झाली माझ्या गव्हाच्या कोठीमागं, आणि तुले खाली यावंच लागलं.

पण ते भांडण संपलं नव्हतं, वासंती. दरवर्षी गणपती आले का मी म्हणे, "तुले भेव कसं नाही वं? बाई आहे का दगड?" आणि तू हसे. नुसती हसे. त्या हसण्याचा मले इतका राग ये! वाटे, हिले देवानं भेव दिलंच नाही, म्हणून हिले आमच्यासारख्यांचं काही समजत नाही.

आणि मंग साधा ताप आला तुले. ताप म्हणता म्हणता दवाखाना, आणि दवाखाना म्हणता म्हणता तू गेलीच. असं कोणी जाते का? मी तुझ्यासाठी पेज करून डबा भरला होता. तो डबा घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात होती, तर भाऊजी समोरून उतरले आणि म्हणाले, "वैनी, राहू द्या आता." मी तो डबा किती वेळ धरून होती कोण जाणे. तुले पेजेत मीठ जास्त लागते, मी जास्त टाकलं होतं.

तेरवीनंतर कॉलनीतली मंडळी आली. चटईवर बसली, तुझ्याबद्दल चांगलं बोलली, आणि जाता जाता एकानं हळूच विचारलं, "वासंतीकाकूचं जाळं आहे न? आणि पाण्यात कोण उतरेल आता?"  भाऊजींले तर पोहता येत नाही, हे हसण्यासारखं आहे पण खरं आहे. मंडळाचे पोट्टे पोहतात, पण विसर्जनाच्या दिवशी ते ढोलासमोर नाचतात, त्यांचा काय भरोसा. तेवढ्यात रूपाली आतून आली. सिविक सेंटरच्या दुकानातून ड्यूटी करून आली होती, पर्स खांद्यालेच होती. म्हणाली, "मी राहीन उभी. काकूनं मले सगळं दाखवलं आहे."

 सगळ्यांसमोर काय बोलू? लोक गेल्यावर मी तिले म्हटलं, "तुले मायची काही काळजी?"

"मम्मी, कोणीतरी तो खड़ा होगा ना," ती म्हणाली. "जाळं नाही लावलं आणि कोणाचं लेकरू गेलं तर?"

  मी यांच्याकडे पाहिलं, तर रूपालीचे बाबा म्हणाले, "जाऊ दे तिले, ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे." आणि सेकंड शिफ्टले निघून गेले. माणसांचं बरं असते.

जाळं वर पोटमाळ्यावर होतं. सुरमई त्याच्यावरच झोपून होती, तू गेली तेव्हापासून तिथून हलत नव्हती. तिले उचललं तर माझा हात ओरबाडला. जाळं उलगडलं, आणि मी डोक्याले हात लावला. उंदरांनी मधातला हातभर भाग कुरतडून टाकला होता. दरवर्षी श्रावणात तू ते काढे, पाहे, सांधे. यंदा श्रावणात तू तापानं पडली होती आणि ही बया त्याच्यावर झोपून राहिली, पण उंदीर काही तिनं पकडला नाही.

रूपालीले सांगितलं असतं तर तिनं बाजारातून काहीतरी आणलं असतं. पण वासंती, माझं भेव तुले माहीतच आहे. माझ्या मनात एकच आलं, का हे भोक माझ्या पोट्टीसमोर आहे, आणि ते मीच बुजवीन. कोणावर भरोसा नाही. माझ्या बापानं मले एकच विणकाम शिकवलं होतं, बाजेचं. अंबाडीच्या सुतळीनं बाज विणायची, अशी घट्ट का म्हातारा झोपला तरी झोळ पडू नये. तेच केलं मी. दोन पदर, तीन पदर सुतळी घेऊन दिवसभर बसली. तुझ्या जाळ्याची भोकं मोठी मोठी, मले पाहवेना. एवढ्या भोकातून तर लेकराचा पाय जाईन! मी बारीक विणलं. मंग वाटलं वरची दोरीही कच्ची असंन, म्हणून तिलेही मधात सुतळीचे वेढे दिले. बोटं सोलून निघाली. संध्याकाळी रूपालीनं हात फिरवून पाहिला, म्हणाली, "अरे वा, मम्मी, एकदम पक्का!" आणि मले तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

काल मी गेली तलावावर. घरी बसवेना. पचरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहिली, गंगाच्या खांद्याले धरून. रूपाली पाण्यात उतरली. गुडघे, कंबर, छाती. मंग ती वळली आणि तिनं मले हात केला. मी हात नाही केला, माझे दोन्ही हात गंगाच्या खांद्यात रुतले होते.

आधी घरचे लहान गणपती गेले. रूपाली एकेक घेत होती, डोक्यावर धरून नेत होती, सोडत होती. तुझ्यासारखीच. मले वाटलं, होईन बाप्पा सगळं नीट. आणि मंग मी पाहिलं का मधातल्या बाटल्या दिसत नाहीत.

आधी समजलंच नाही. मंग समजलं. तुझ्या जाळ्यातून पाणी जाये, फुलं जात, दूर्वा जात. माझ्यातून काही जात नव्हतं. सगळं निर्माल्य, हार, केळीचे खांब माझ्या त्या बाजेले येऊन अडकले, सुतळी पाणी पिऊन जड झाली, आणि मधातलं जाळं खाली बसलं. पाण्यात बाज विणली होती मी, वासंती! काठावरच्या लोकांले तर बाटल्या हीच हद्द माहीत. बाटल्या दिसेनात, तर ते चालतच राहिले. ढोल वाजून राहिला होता. रूपाली ओरडली, "जाळं उचला कोणी! मधात उचला!" भाऊजी टोक सोडू शकत नव्हते, सोडलं असतं तर सगळंच गेलं असतं.

मी कशी उतरली ते मले माहीत नाही. खरंच माहीत नाही. पचरी आठवत नाही. चिखल आठवते, पायाच्या बोटांमधून वर येणारा, आणि पाणी पोटाले लागलं तेव्हा तोंडातून निघालेला आवाज आठवते. खाली काहीच दिसत नव्हतं. मी हातानं चाचपडत जाळं धरलं, ते निर्माल्यासकट वर ओढलं आणि खांद्यावर घेतलं. आणि तशीच उभी राहिली. बाटल्या वर आल्या. तुझ्या त्या बाटल्यांपैकीच एक झाली मी, दुसरं काय!

तेवढ्यात गंगाची सून पाय घसरून माझ्यासमोरच आदळली. कडेवर तिची लहान पोट्टी. "दीदी, नोनी ला धर तो!" मागून गंगा ओरडली, आणि ते लेकरू माझ्या हातात आलं. एका खांद्यावर जाळं, एका हातात नोनी. ती रडून राहिली होती, मी देवाचं नाव घेऊन राहिली होती. तिची माय उठली, तोंड पुसलं, लेकरू मागू लागली, तर माझा हात सुटेना. आखडून गेला होता. रूपालीनं येऊन एकेक बोट सोडवलं तेव्हा ती पोट्टी मोकळी झाली. आणि तरी मी तिथून हलली नाही. मोठा गणपती जाईपर्यंत उभी होती, कारण हललं असतं तर ते परत खाली गेलं असतं. सगळे बाहेर आले, वासंती. सगळे. कोणाची चप्पल गेली तेवढीच.

लोक म्हणाले, वैनीनं कमाल केली. कसली कमाल! जाळं माझ्यामुळंच बसलं होतं. मी तसं सांगितलंही, पण गुलालाच्या गोंधळात कोणी ऐकलं नाही. घरी आली, ओल्या साडीनंच अंगणाच्या कोपऱ्यात गेली, आणि भडभडून ओकली. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिली. अंग असं कापून राहिलं होतं का भिंत धरावी लागली.

मागं पाहिलं तर भाऊजी पाण्याचा लोटा घेऊन उभे. घाबरले नव्हते, काय झालं म्हणून विचारलंही नाही. नुसता लोटा पुढे केला आणि म्हणाले, "चूळ भरा, वैनी. तिचंही असंच होये."

"कोणाचं?"

"वासंतीचं. दरवर्षी. विसर्जनाहून आली का आधी इथेच ये. अर्धा तास कापे. मले म्हणे, वयनीक सांगू नका, त्या आधीच घाबरतात, पोरीक पाण्यात सोडूचे नाय मग."

 इतकी वर्षं, वं? मी आत देवाजवळ दिवा लावून तुले दगड म्हणे, आणि तू बाहेर माझ्याच अंगणात भिंत धरून उभी असे? मले एक शब्द सांगता आला नाही तुले? मी तुझी पाठ चोळली असती. आता कोणाची चोळू? राग आला मले तुझा, खरंच सांगते, तुझ्या फोटोसमोर जाऊन बोलली मी तुले. आणि मंग तिथेच बसून राहिली. पोट्टी पोहणं शिकावी म्हणून तू तुझं भेव एकटीनं गिळलं. माझ्या पोट्टीसाठी.

पण एवढं एक मी तुझं ऐकणार नाही. मी लपवलं नाही. रूपाली केस पुसत आली तेव्हा मी तिले सगळं सांगितलं, तुझं आणि माझंही. म्हटलं, तुझी काकू भेत होती बेटा, दरवर्षी, आणि मी तर आता ओकून आली.

रूपालीनं टॉवेल खाली घेतला. तिचे ओठ निळे पडले होते, ते मले तेव्हा दिसले.

"मम्मी," ती म्हणाली, "मैं तो वहीं उल्टी कर आई. बाभळीच्या मागं."